उरलेले तुकडे

हाही तुकडा कोरा निघाला.

हेमचंद्रने तो फिल्मचा ओला तुकडा खिडकीशी धरला, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिला. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी त्यातून आरपार दिसत होती.

"काहीच नाही गं. डेव्हलपर खराब असेल का?"

"डेव्हलपर चांगला आहे." बाथरूमच्या दारात बसून कालिंदी चित्र पक्कं करणारा फिक्सर पुन्हा बाटलीत ओतत होती. तिने वर पाहिलं नाही. "आधी तपासला होता."

फिल्मवर चित्र उमटवणारं हे रसायन तपासायची तिची पद्धत साधी होती. फिल्मचं एक टोक उजेडात धरायचं आणि डेव्हलपरमध्ये बुडवायचं. ते काळं झालं की डेव्हलपर ठीक. आजचं टोक कोळशासारखं काळं झालं होतं.

कालिंदी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. बाजारातली सगळ्यात स्वस्त काळी-पांढरी फिल्म तिने मोठ्या रिळात मागवली होती; लागेल तेवढी कापून ती कॅमेऱ्यात भरायची. अशा फिल्मला कोणता डेव्हलपर मानवतो, हे तिला पाहायचं होतं. एकाच वस्तूचे फोटो काढून रोल भरायचा, अंधारात त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या डेव्हलपरमध्ये घालायचा. कठड्यावरचा तांब्या, काळी छत्री आणि पांढरा पंचा तिने अशा कितीतरी रोलांवर उतरवले होते. ते सगळे छान आले होते.

त्याच दिवसांत खुलताबादहून अक्का डोळे दाखवायला आल्या. अक्का म्हणजे हेमचंद्रची मोठी बहीण मनकर्णाबाई. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं होतं. लग्नानंतर अक्का नवऱ्याबरोबर स्टुडिओत फोटो काढायला गेल्या आणि वर्षाच्या आत नवरा गेला. तेव्हापासून त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या नव्हत्या. कुणी मोबाइल वर केला की तोंडावर पदर.

आणि एका सकाळी त्याच म्हणाल्या, "घे बाई माझा एक फोटो. सगळ्यांची कटकट मिटव."

हेमचंद्र चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबला होता. अक्का हिमरू शाल पांघरून गॅलरीत खुर्चीवर बसल्या.

"हलू नका, अक्का."

"दात दिसतायत का गं?"

"दिसतायत."

"दिसू देत. नवी कवळी आहे, फुकट का घालवायची?"

हेमचंद्र एवढा हसला की चहा हिंदकळला. कालिंदीने बटण दाबलं, फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढला, पुन्हा दाबलं. रोल भरेल इतके वेळा तेच चाललं.

अक्का खुलताबादला परतल्या आणि थोड्याच दिवसांत झोपेतच गेल्या.

तेराव्याला जेवणं झाल्यावर अक्कांचा मुलगा चिन्मय सगळ्यांदेखत म्हणाला, "मामी, आईचा तो फोटो द्या ना. भिंतीवर लावायला काहीच नाही. आधार कार्डावर ती पकडलेल्या चोरासारखी दिसते."

कालिंदीचा चेहरा उतरला. "अरे... पहिला तुकडा धुतला मी. कोरा आला."

एक आत्या पुटपुटली, "एवढं शिकून काय उपयोग?"

हेमचंद्रचे डोळे मात्र चमकले. "पहिलाच ना? म्हणजे बाकीचे तुकडे आहेत की!"

तेव्हापासून तो या कामाला जुंपला गेला. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पण कुठून कुठून रसायनांच्या पुड्या मागवू लागला. नळाला पाणी यायच्या दिवशी फिल्म धुण्यासाठी जास्तीच्या बादल्या भरून ठेवू लागला. कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांतही फिल्म धुता येते, असं त्याने कुठेतरी वाचलं आणि तेही सामान आणलं. प्रत्येक वेळी कालिंदी एकटी बाथरूममध्ये जाई, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबून अंधारात तुकडा कापी आणि डबीत बंद करून बाहेर आणी. हेमचंद्र घड्याळ धरी, डबी हलवी. प्रत्येक तुकडा कोरा निघे.

"अजून किती उरलेत?" त्याने आता विचारलं.

"असतील एक-दोन."

"मागच्या वेळीही एक-दोनच म्हणालीस."

"अंधारात नीट कळत नाही."

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा चिन्मय सामान न्यायला शहरात आला. टेबलावरच्या बाटल्या बघून तो गहिवरला.

"मामी, बास करा आता. स्वतःला किती दोष द्याल?"

"मला लाज वाटते रे, चिन्मय."

"कशाची? त्या स्वस्तातल्या फिल्मची?" तो हसला. "आई कुणाच्या बापाला बधली नाही. मामानं विनवलं, मी रुसलो, तरी नाही. तुमच्यासमोर बसली. याहून काय पाहिजे?"

कालिंदी उठून स्वयंपाकघरात गेली.

"मनाला लावून घेतलंय तिनं," हेमचंद्र हळूच म्हणाला. "रात्री उठून बसते. अक्कावर लई जीव तिचा. तू जा, मी बघतो."

चिन्मय गेल्यावर त्याने कॉफीची पुडी फोडली, सोडा विरघळवला. घरभर उग्र वास सुटला.

"हा शेवटचा प्रयत्न," तो म्हणाला. "आला तर आला. नाही आला तर अक्काची मर्जी समजू. ये, तुकडा घेऊन ये."

"राहू द्या ना आता."

"एवढा एक. माझ्यासाठी."

कालिंदी बाथरूममध्ये गेली. टॉवेल दाराखाली सरकवला, दिवा मालवला. बाहेर हेमचंद्र कॉफी ढवळत होता, चमचा पातेल्याला लागत होता.

अंधारात तिने मोठ्या रिळाचा डबा उघडला आणि कधीच कॅमेऱ्यात न गेलेल्या फिल्मचा आणखी एक तुकडा कापला. अक्का शाल पांघरून समोर बसल्या तेव्हा एवढी स्वस्त फिल्मही त्यांच्यावर घालवणं तिच्या जिवावर आलं होतं. तिने प्रत्येक वेळी रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं.