पहिल्या मोळीचा मान

हेमानं शिडीवरून ऊस उचलणाऱ्या क्रेनच्या गर्डरवर पुन्हा हातोडी मारली. यंत्राची सुई कागदावर थरथरली. तिनं खाली येऊन दोन्ही कागद शेजारी धरले. उजव्या गर्डरच्या रेघा दाट, डाव्याच्या विरळ.

"जोडीचे गर्डर, एकाच मापाचे. दोन्ही सारखेच थरथरायला पाहिजेत," परभणीहून तपासणीला आलेली ही पोरगी म्हणाली. "डावा सावकाश थरथरतोय. तो तडकलाय. उद्या गाळप सुरू करू नका."

साखर कारखान्यातली सगळी माणसं वर बघायला लागली. वर काय दिसणार, कपाळ? हंगामातल्या पहिल्या उसाच्या मोळीपूजेला यंत्रं नव्या नवरीसारखी दिसली पाहिजेत ना! म्हणून दर हंगामाआधी लाल ऑइलपेंट. हे गर्डर बसवल्यापासून सत्याऐंशी सालापर्यंत नऊ थर चढले होते. चीर असली तरी रंगाच्या पोटात.

चीफ इंजिनिअर अनंतराव हसले. "बाई, पत्रिका वाटून झाल्यात. आणि पहिल्या मोळीचा मान यंदा तुमच्याच वडलांना आहे. तीस वर्षांच्या नोकरीचा सत्कार. आईनं लुगडं घेऊन ठेवलंय म्हणे. तो मान तुम्हीच घालवणार?"

हेमाला ते ठाऊक होतं.  पण कागद काही तिनं मागं घेतला नाही.

तिचे वडील, बन्सीधर मिस्त्री, शेजारीच उभे होते. आता ते छन्नी घेऊन शिडी चढले.

"कुठं म्हंतीस?"

"डाव्या गर्डरच्या टोकाच्या जोडापाशी, आबा. तडा बहुतेक जोडातच जातो. खरवडून बघा."

रंगाचे पापुद्रे खाली पडायला लागले. मिस्त्रींचा हात थांबला. 

"साहेब, या वर."

अनंतराव चढले. जोडातून केसाएवढी चीर गेली होती, चांगली वीतभर. खाली उतरेपर्यंत त्यांना घाम फुटला होता.

"मोळीपूजा पुढं ढकला," ते म्हणाले. मग एकदम भडकले. "मिस्त्री, हा जोड कुणी मारला? त्या गाढवाचं नाव सांगा मला!"

"मीच मारलाय, साहेब." बन्सीधर मिस्त्रींनी छाती पुढं काढली. "तीस वर्सं झाली, माझ्या कामात खोट काढणारा एक बी माईचा लाल निघाला न्हाई. निघाली ती माझी लेक!"