नववी फ्लॉपी

मारुतीने रतनताईसाठी स्वतःच्या आवाजात भरलेली ओवी कॉम्प्युटरवर काही केल्या लागेना. त्याच्या कागदावर लिहिलेलं, 'चौथीआधी सहावी घाल, सहावीआधी नववी. गोंधळलीस ना? नववी भाऊबीजेला, ओवाळणीत!' फ्लॉप्या आठच होत्या, आणि मारुती श्रावणातच कळव्याच्या खाडीत बुडालेला. कॉम्प्युटर नववीसाठी अडून बसला होता.

"ऊठ गं रतन," आई म्हणाली. "भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं."

रतनने गॅलरीतून बीजेच्या कोरीला ओवाळलं नि डोळे पुसत ती आत आली. कॉम्प्युटर जात्यासारखा घरघरत होता. फ्लॉपीची खाच रिकामीच होती. पडद्यावर अक्षरं उमटली, "ताई, ओवाळणी पोचली का गं?"