इस्तारीची बारावी काच

इस्तारीची बारावी काच वाईट आली हे वाचून शांतवन मास्तरांनी यादी टेबलावर आपटली. ही तिसरी वेळ होती.

चांद्यापासून बैलगाडीने दोन दिवसांच्या वाटेवर, सागाच्या जंगलात मिशनचा महारोग्यांचा दवाखाना होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चांद्याहून कंपाउंडर यायचा. रोग्याच्या कानाच्या पाळीला बारीक चीर द्यायचा, निघेल तो रस काचेवर फासायचा आणि काच तपासायला न्यायचा. सलग बारा महिने काच साफ आली की माणूस बरा. मग आठ दिवसांत खाट रिकामी करायची. फाटकाबाहेर चिंचेखाली नवे रोगी पडून असायचे, त्यामुळे बऱ्या झालेल्याला एक दिवसही जास्त ठेवत नसत.

इस्तारीच्या अकरा काचा साफ यायच्या आणि बारावी घाण. मोजणी पुन्हा एकपासून.

मास्तर मूळचे नगरकडचे, इथले प्रचारक. खचलेल्यांना धीर देणं हेच त्यांचं काम, पण आज त्यांचं स्वतःचंच डोकं फिरलं होतं. देवावर रागावू नये हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी ते रागावले होते, आणि भरपूर रागावले होते.

यादीत सत्तेचाळीस नंबर, इस्तारी: वाईट. आणि एकशे बारा नंबर, डोमा: साफ. हे वाचून तर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. डोमा म्हणजे इस्तारीच्या शेजारच्या खाटेवरचा म्हातारा. बोटं झडलेली, डोळे जवळपास गेलेले, जगात कुणी नाही. वर्षभर त्याची काच वाईटच असायची, ती आज साफ. मागच्या खेपेलाही देवाने अशीच थट्टा केली होती. ज्याला जायला जागा नाही त्याला साफ काच! आणि ज्याचा भाऊ उमाजी दर पोळ्याला फाटकाशी येऊन सांगतो की तुझं जाळं खुंटीला तसंच टांगलेलं आहे, तलाव भरलाय, घरी चल, त्याला मात्र घाण. हा कुठला न्याय, असं मास्तरांनी मोठ्याने विचारलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

ते वॉर्डात गेले तेव्हा इस्तारी डोमाला पेज भरवत होता. निकाल ऐकून त्याचा चमचा थांबलासुद्धा नाही. मास्तर खाटेशी गुडघे टेकून बसले. हिंमत सोडायची नाही, मागत राहायचं, प्रभूला आपला कंटाळा येत नाही, असं बरंच काही सांगून त्यांनी हात जोडले.

इस्तारीनं वाटी खाली आदळली.

"माह्यासाठी काही मागू नका, मास्तर. कितीदा सांगू तुमाले? तुमच्या प्रार्थनेनं माहं वाटोळं होऊन राह्यलं."

त्याचे डोळे लाल झाले होते. मास्तर उठले. याचा विश्वास पार मोडला, असं त्यांना वाटलं, आणि देवावरचा राग आणखी वाढला. त्यांनी हट्टच धरला. या माणसाला घरी पोचवल्याशिवाय आता गप्प बसायचं नाही.

पुढचं वर्ष त्यांनी तसंच काढलं. साफ काच आली की रविवारी प्रार्थनामंदिरात ते नाव घेऊन सांगत, सगळे आमेन म्हणत. डोमाचं आमेन सगळ्यांत मोठं. इस्तारी तेवढ्यात उठून बाहेर जाई. अकरावी काच साफ आली तेव्हा मास्तरांनी वॉर्डात गूळ वाटला. इस्तारीनं आपल्या वाट्याचा खडा डोमाच्या तोंडात घातला आणि मास्तरांकडे वैऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

बारावीच्या आधी मास्तरांनी तीन दिवस उपास केला.

सोमवारी कडाक्याची थंडी होती. दोनशे रोगी रांगेत उभे होते, प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचा पितळी बिल्ला. कंपाउंडर तोंड बघत नसे. बिल्ला वाचायचा, नंबर मोठ्याने सांगायचा की काचांची पाटी धरलेला गडी काचेवर त्या नंबराची चिठ्ठी डकवी. डोमाला नेहमीप्रमाणे इस्तारीनंच आंघोळ घातली, अंगरखा चढवला, गळ्यात बिल्ला अडकवला आणि पुढे उभं केलं. त्याचं आटोपलं. कानाला कापूस लावून तो उन्हात जाऊन बसला.

इस्तारी घोंगडी छातीशी घट्ट धरून उभा होता. मास्तर येऊन त्याच्या शेजारी ठाकले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मास्तर, इथून जा."

"नाही जाणार," मास्तर ओरडले. उपासाने त्यांचा आवाज चिरका झाला होता. "आज मी देवालाही सोडणार नाही आणि तुलाही."

रांग वळून बघू लागली. इस्तारीनं त्यांचा हात झटकला. मास्तरांनी तो पुन्हा ठेवला. दोघांच्या झटापटीत रांग सरकत गेली आणि आता इस्तारीच्या पुढे एकच माणूस उरला.

इस्तारी एकाएकी शांत झाला.

"बरं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "करा प्रार्थना. पन डोये मिटून करा."

चार वर्षांत पहिल्यांदा त्याने प्रार्थना मागितली होती. मास्तरांचा सगळा राग विरघळला. त्यांनी डोळे घट्ट मिटले. बापा, ज्या घरात याची खरी गरज आहे तिथे याला ठेव, याचा जीव जिथे गुंतलाय तिथून याला आता कुणी हलवू नये, असं ते मागत होते. घोंगडी बाजूला झाल्याची हालचाल त्यांना हाताखाली जाणवली.

"एकशे बारा," कंपाउंडरनं बिल्ला वाचला.

"हो," इस्तारी म्हणाला.

तो डोमाचा नंबर होता. मास्तरांची प्रार्थना अर्ध्यावर थांबली. डोळे मात्र त्यांनी उघडले नाहीत.