जमा केलेली बंदूक

निवडणूक लागली म्हणून केम गावच्या कोंडीबानं रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक नियमाप्रमाणे पोलिस ठाण्यात जमा केली होती. गुलाल उडाला, बाकीच्यांनी आपापल्या बंदुका परत नेल्या; त्याची तेवढी राहिली. दर सोमवारी ठाण्यातली हवालदार अंकिता फोन करायची, "आजोबा, बंदूक कधी नेताय?" "येतो की पोरी," म्हणत तो तिचं जेवणखाण, गावाकडचा पाऊस, सगळं विचारून घ्यायचा. सोमवारी तो रानात जायचाच नाही. तिथं फोनला रेंज नव्हती. शेवटी साहेबांनी नोटीस काढली, तेव्हा कुठं तो आला. घडी घालून जपलेली पावती त्यानं टेबलावर ठेवली. अंकितानं बंदूक दिली. "कुलपात ठेवा. काडतुसं वेगळी. किल्ली घरात कुणाच्या हाताला लागू देऊ नका." "हाय कोण घरात?" तो हसला. दारापर्यंत जाऊन परत वळला. "पोरी, पुढची निवडणूक कदी हाय?"