सहीच्या वरचं

शांतारामनं पत्र मागितलं आणि अण्णासाहेबांनी एक फ्रेम आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

काचेखाली एका पुढाऱ्याचा फोटो होता. जाकीट, टोपी, हसरा चेहरा. फोटोखाली दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी चिकटवलेली आणि पट्टीवर त्या पुढाऱ्याची सही.

"हे काय?"

"तेच ते, कुमुदचं. बघा ना, कसं उठून दिसतंय."

"पत्र कुठंय?"

अण्णासाहेबांनी टेबलावरचं ब्लेड उचलून डबीत ठेवलं. नोएडाच्या त्या फ्लॅटमधली ही खोली कपाटांनी भरली होती. संस्थानिकांची पत्रं, कुणाकुणाच्या घराण्यांचे कागद, सह्या. कुमुदचे वडील तुरुंगात वारले तेव्हा त्यांच्याच बराकीतल्या या पुढाऱ्यानं तिच्या आईला पत्र लिहिलं होतं. कुमुदनं वडील पाहिले नव्हते, हे पत्रच पाहिलं होतं. वाळवीच्या भीतीनं तिनं ते अण्णासाहेबांकडे ठेवायला दिलं. मग दरवर्षी वडिलांच्या तिथीला ती नवऱ्याला, शांतारामला, घेऊन इथं यायची, हात धुवायची, पत्र मोठ्यानं वाचायची आणि परत द्यायची. आज तिथी होती. या वेळी शांताराम एकटाच मेट्रोनं आला होता.

"मजकुराला कोण विचारतं आजकाल?" अण्णासाहेब म्हणाले. "लोकांना सही हवी, वर फोटो हवा, ड्रॉइंगरूममध्ये लावायला. संध्याकाळी करोल बागेतून पार्टी येतेय न्यायला."

"वरचा कागद द्या."

"ठिसूळ झाला होता हो. कापताना तुकडे पडले."

"तुकडे द्या."

"कचऱ्याची गाडी काय थांबते का यार कुणासाठी?" अण्णासाहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मला वाटलं, कुमुद गेली, आता कोण वाचणार? तुम्ही तर दरवर्षी त्या खुर्चीत पेपर उघडून बसायचात. राशिभविष्यसुद्धा सोडत नव्हतात."

ते खरं होतं.

शांताराम उठला. त्यानं फ्रेम दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. काच तडकली. पुन्हा आपटली. काच खळकन खाली आली.

"अहो! वेड लागलंय का?"

अण्णासाहेब आडवे आले. शांतारामनं त्यांना खांद्यानं असं ढकललं की ते पाठीमागच्या कपाटावर जाऊन आदळले. त्यानं काचांत हात घातला. तळहात चिरला. पट्टी घट्ट चिकटली होती, ती नखांनी खरवडून काढली. तोवर अण्णासाहेबांनी त्याचं मनगट पकडून पिरगाळलं. मूठ उघडू लागली. शांतारामनं आपल्याच मुठीवर तोंड नेलं आणि पट्टी तोंडात घेतली.

"थुंक!" अण्णासाहेब ओरडले. "थुंक आधी! अशी दुसरी सही दिल्लीत नाही!"

दोघं काचांवर पडले. अण्णासाहेब त्याच्या छातीवर बसले. एका हातानं त्यांनी त्याचं नाक दाबलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं दातांमधून आत खुपसली. शांताराम चावला. हाड लागेपर्यंत चावला. अण्णासाहेब किंचाळले, पण बोटं काढली नाहीत. नाक सोडून त्यांनी टेबलावरचं पितळी मुठीचं जाड भिंग ओढलं आणि ते शांतारामच्या कानशिलावर हाणलं. एकदा, मग पुन्हा. डोळ्यांपुढं पांढरं झालं. कागद भिजला होता. डिंक कडू लागत होता. शांतारामनं तो तसाच गिळला. घशात अडकला, तेव्हा रक्ताचा घोट घेऊन खाली ढकलला.

"अहो, सोडा त्यांना! जीव जाईल!"

दारात चंद्रप्रभा, अण्णासाहेबांची बायको, उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या आणि घडी घातलेला पंचा होता. कुमुदसाठी दरवर्षी आणायची, तसाच आजही आणला होता.

अण्णासाहेब धडपडत उठले. बोटं सदऱ्यात गुंडाळून दुसऱ्या हातानं फोन शोधू लागले. "पोलिसांना बोलावतो. चोर आहे हा. याच्या पोटातून काढून घेईन मी!"

शांताराम भिंतीला टेकून बसला. कानातून रक्त मानेवर उतरत होतं. चंद्रप्रभेनं पंचा पुढं केला, पण त्यानं तोंड पुसलं नाही. हात पुढं केले.

"पाणी घाला, वहिनी."

तिनं पाणी घातलं. त्यानं हात धुतले, पुसले आणि जणू पुढ्यात कागद असावा तसे समोर धरले.

"सवयीनं 'सौ.' लिहिलंय," तो म्हणाला, "मग ते खोडलंय. पुढं नुसतं 'वहिनींस'."

अण्णासाहेबांचा हात फोनवर थांबला.

"'काल पहाटे विश्वनाथराव गेले. ताप उतरला नाही, पण शेवटपर्यंत शुद्धीवर होते. दोनदा विचारलं, पोर बसायला लागली का. मला ठाऊक नव्हतं. तरी मी हो म्हणालो. ते हसले. पोर बसायला लागली की मला एक ओळ लिहून कळवा, म्हणजे माझं खोटं फिटेल.'"

तो कुठंही अडखळला नाही. कुमुद जिथं थांबायची तिथं थांबला आणि जिथं तिचा आवाज खाली यायचा तिथं त्याचाही आला. चंद्रप्रभेनं रिकामा तांब्या छातीशी धरला होता.

"'आपला,'" शांताराम म्हणाला आणि सहीच्या जागी अण्णासाहेबांकडे वळून त्यानं रिकामं तोंड उघडून दाखवलं.