गेंदासारखं

पहिली मुलगी गेंदा जन्मतःच मतिमंद, म्हणून दहा वर्षांनी पुन्हा दिवस गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी सुंदरबाईच्या गर्भजलाची तपासणी मुंबईला करवली. अशा निकालाला तीन आठवडे लागायचे; नव्या पद्धतीने तीनच दिवसांत फॅक्स आला. सोनगीरहून ती, नवरा हिलाल आणि गेंदा धुळ्याला दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाई कागद हिलालला देत हसल्या. “गुणसूत्रं बरोबर आहेत. हे बाळ गेंदासारखं नाही.” हिलालने हात जोडले. “सुटनूत, बाई!” गेंदाने आईचा पदर ओढला. “माय, बाळ गेंदासारखं काबरं नही?” तीन दिवस सुंदरबाईनेही देवाजवळ हेच मागितलं होतं. तिने गेंदाला जवळ घेतलं. “तुनासारखी तू एकच शे, बेटा.” गेंदाला ते लगेच पटलं. तिने आईच्या पोटाला तोंड लावून आतल्या बाळालाही तेच सांगितलं. हिलालला कागदाची घडी जमेना.