वरून जा, खालून ये

तिसऱ्यांदाही थेंब आला.

पाइपाच्या आट्यांवर फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, जिथे घट्ट बसते, तिथेच, तिच्या मानेपाशी. आधी मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा. मग तो सुटला आणि फरशीवर टप्प वाजला. पाइपात पाण्याचा दाब भरणाऱ्या हातपंपाच्या घड्याळातला काटा खाली सरकला.

"काका, पाणी कुठेतरी मुरतंय," सुपरवायझर म्हणाला.

"मुरतंय कुठलं? चांगलं गळतंय की," म्हातारा फिटर म्हणाला. पण हसला तो एकटाच.

"हे ड्युप्लेक्स स्टील आहे. महाग आणि हट्टी. सारखं चढवा-उतरवा केलं की आट्यात आटा धरून बसतो, मग करवतीशिवाय सुटत नाही. आणखी एकदाच चढवा. चारपर्यंत गळती थांबली नाही, तर बाहेरचा माणूस बोलावतो. आणि तुम्हाला कायमची रजा. राग मानू नका."

सुपरवायझर गेला. म्हाताऱ्याची लेक त्याच वर्कशॉपमध्ये फिटर होती. तिने बापाला पाइप पाना दिला. दोघांनी मिळून फ्लँज हळूहळू उतरवली. आट्यांवर गुंडाळलेली पांढरी फीत पुन्हा तशीच निघाली होती: चुरगळलेली, बाहेर ढकललेली, लोंबणारी.

"असं कसं गं?" तो फितीकडे बघत राहिला. "आटे पुसले. पेस्ट लावली. हाताने बसवली, मग पाना लावला. घाई केली नाही. काय चुकलं?"

"काहीच नाही चुकलं, बाबा."

"तेच तर. चुकलं असतं तर बरं झालं असतं."

त्याचा उजवा हात खिशात होता. उन्हाळ्यात लुळा पडल्यापासून तो तिथेच असे, पाहुण्यासारखा. आधीच्या तिन्ही वेळेसारखाच म्हातारा पाइप धरणाऱ्या वाइसला वळसा घालून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेला. तिथून पाइपाचं तोंड डाव्या हाताला सोपं पडे. लेकीने ब्रशने आटे चकचकीत केले आणि ती अलीकडे उभी राहिली, बापाच्या जुन्या जागेवर. त्याने फितीचं टोक आट्यांवर दाबलं आणि गुंडाळताना चाळीस वर्षं म्हणत आलेली ओळ पुटपुटला:

"वरून जा, खालून ये,
पाण्याला वाट देऊ नये."

तिलाही हीच ओळ त्याने शिकवली होती. तिचे ओठ आपोआप हलले. वरून जा. आणि ती थबकली.

"बाबा, पुन्हा म्हणा."

"कशाला?"

"म्हणा तर."

"वरून जा…" त्याचा हात पाइपावरून गेला.

"तुम्ही 'जा' म्हणता, आणि फीत माझ्याकडे येते."

म्हातारा फितीकडे बघू लागला, मग तिच्याकडे, मग पुन्हा फितीकडे. भर बाजारात घराची वाट विसरलेल्या माणसासारखा.

"म्हणजे… इतकी वर्षं गाणं चुकीचं म्हटलं?"

"गाणं बरोबरच आहे. तुम्ही पलीकडे गेलात."

तिने फीत सोडवली. फ्लँज फिरते त्याच दिशेने फीत फिरायला हवी. नाहीतर प्रत्येक फेऱ्यात फ्लँजच तिला उलगडून बाहेर लोटते. हे त्याला ती शिकवणार नव्हती. तिने फक्त त्याचं मनगट धरलं आणि उलट्या बाजूने एक वेढा घेतला: वरून त्याच्याकडे, खालून तिच्याकडे. दुसरा वेढा त्याने स्वतः घेतला. तिसऱ्याला तो अडला, मान वाकडी करून पाइपाच्या तोंडाशी वाकला, मनाशी काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि पुढे गेला.

चारला सुपरवायझर आला. लेकीने पंप मारला. काटा चढला, थांबला. पाच मिनिटं. दहा. सुपरवायझरने फ्लँजच्या मानेवरून बोट फिरवलं, ते कोरडं निघालं. त्याने ते दुसऱ्यांदा फिरवलं.

"जमलं की काका! चुकत काय होतं?"

म्हाताऱ्याने ऐकलं नाही. काट्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं. डाव्या हाताचं बोट हवेत गोल फिरत होतं आणि ओठ पुटपुटत होते.

"वरून ये, खालून जा… पाण्याला… पाण्याला…"

"बाबा, काटा हलला नाही. ऐकलंत का?"

"थांब जरा. 'जा'ला काही जुळतच नाहीये. तुला सुचतंय का बघ."

तिला केव्हाच सुचलं होतं. पण तो शब्द मघाशी सुपरवायझरनेच वापरला होता, आणि सुपरवायझर अजून तिथेच उभा होता.

"नाही बाबा," ती म्हणाली, "मलाही नाही सुचत."